ओला सेट, बारा घरं मागे

४ फेब्रुवारी

ताई,

तू माझी पत्रं वाचतेस असं आई म्हणते. पण आई तुला माझ्याबद्दल आणि मला तुझ्याबद्दल जे सांगते त्यातलं निम्मं तिच्या मनचं असतं, तेव्हा मी काही गृहीत धरत नाही. फोन लावला की भाऊजी उचलतात आणि 'ती आत्ता कामात आहे' म्हणतात. माणूस दोन वर्षं सलग कामात असतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणून पुन्हा पत्र.

त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. तुलाही तो विषय नको असेल. ऑपरेशन थिएटरमध्ये तू हत्यारांचा सेट उघडलास, तो आतून ओला निघाला, तू ऑपरेशन थांबवलंस, भूल दिलेला पेशंट पन्नास मिनिटं तसाच टेबलावर राहिला. चौकशीत ठरलं की तू सेट ओल्या ट्रॉलीवर ठेवला होतास. तू राजीनामा दिलास आणि गाव सोडलंस. ट्रॉली ओली होती असं सगळेच म्हणाले. असेलही. एवढं लिहून मी तो विषय संपवते.

बातमी वेगळीच आहे. तुझ्या धाकट्या बहिणीला बढती मिळाली. म्हणजे पगार तोच, खुर्ची तीच, फक्त आता विभागातल्या सगळ्यांना शिकवायचं काम माझं. इन्चार्ज बाईंनी बोलावलं आणि म्हणाल्या, थिएटरच्या तक्रारी थांबत नाहीत, माणसं प्रशिक्षणात झोपतात, तू बडबडी आहेस, तू बघ. बडबडी असण्याचं एवढं चीज आयुष्यात पहिल्यांदा झालं.

प्रशिक्षण कसं असतं ते तुला ठाऊक आहे, पण भाऊजींना वाचून दाखवत असशील तर त्यांच्यासाठी लिहिते. आमचा विभाग तळमजल्यावर. वरच्या थिएटरमधली वापरलेली हत्यारं आमच्याकडे येतात. आम्ही ती धुतो, मोजतो, यादीप्रमाणे ट्रेमध्ये लावतो, निळ्या कागदात गुंडाळतो आणि वाफेच्या मशीनमध्ये घालतो. अशा एका गुंडाळलेल्या ट्रेला आम्ही सेट म्हणतो. सेट कोरडा बाहेर आला पाहिजे. ओला असेल तर जंतू कागदातून आत शिरतात, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून करायचा. बस्स, एवढंच शास्त्र. हे सांगायला चौऱ्याऐंशी स्लाइड्स आहेत. दिवे मालवले की दहाव्या स्लाइडला कागदाच्या घड्या घालणारी आमची घडीवाली घोरते. मशीनवाले काका उघड्या डोळ्यांनी झोपतात, ही कला त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत कमावली आहे. शेवटी परीक्षा. सगळ्यांना वीसपैकी वीस, कारण सगळे खेटून बसतात.

मी पहिला वर्ग घेतला आणि सव्विसाव्या स्लाइडला मलाच जांभई आली.

काय करावं ते सुचत नाही. तू असतीस तर दोन शिव्या घालून सुचवलं असतंस.

तुझी,
भिंगरी

१९ फेब्रुवारी

ताई,

सुचलं. माझं मलाच, शिव्यांशिवाय.

दुपारच्या सुट्टीत आमच्याकडे चौघं जण सोंगट्या खेळतात. तीच माणसं, जी वर्गात माना टाकतात. काका सोंगटी घरात न्यायला असे पुढे वाकतात की चष्मा पटावर पडेल. घडीवाली एक घर खोटं मोजल्याबद्दल काकांशी तीन दिवस बोलत नव्हती. मी दाराशी उभी राहून पाहत होते आणि मनात म्हटलं, झोप येत नाही तर यांना. येते फक्त माझ्या वर्गात.

फाटल्यामुळे बाद झालेला निळा कागद घरी नेला आणि त्यावर आपला विभाग काढला. अठ्ठेचाळीस घरं. सुरुवात धुण्याच्या हौदापाशी, मग मोजणी, मग बांधणी, मग मशीन, मग साठवणीची कपाटं, मग लिफ्ट, मग थिएटर. हौदाकडून पुढे जाता येतं, चूक झाल्याशिवाय मागे येता येत नाही, अगदी खऱ्यासारखं. सोंगट्या म्हणून इंजेक्शनच्या बाटल्यांची रंगीत टोपणं. ती धुऊन, उकळून घेतली. हसू नकोस, सवय आहे.

प्रत्येक खेळाडूचा एक सेट. फासा टाकायचा, पुढे सरकायचं आणि काळ्या घरावर आलं की चिठ्ठी उचलायची. 'यादीत सहा चिमटे, ट्रेमध्ये पाच.' 'कात्रीच्या बिजागरीत रक्त राहिलं.' 'सेट ओला, बारा घरं मागे.' प्रत्येक चिठ्ठीवर काय करायचं ते तोंडी सांगायचं. बरोबर सांगितलं तर कमी घरं मागे. जो आधी थिएटरला पोचेल तो जिंकला.

इन्चार्ज बाईंना दाखवलं तर त्यांनी दोन्ही बाजूंनी कागद उलटासुलटा केला आणि विचारलं की हा पोरखेळ कामाच्या वेळात करायचा का. मी म्हटलं, झोपही कामाच्या वेळातच काढतात. त्यांनी मला तीन महिने दिले. तक्रारी कमी झाल्या नाहीत तर पुन्हा चौऱ्याऐंशी स्लाइड्स, आणि दाखवणारी मीच.

पहिला डाव काल झाला. ताई, तू पाहायला हवं होतंस. घडीवालीने सोळा हत्यारांची यादी न अडखळता म्हटली. काकांनी वाफेचा दाब आणि वेळ असं काही समजावलं की मी आठ वर्षांत प्रथमच नीट शिकले. एक नवीन बाई आल्या आहेत, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या पण नोकरीत चार महिन्यांच्या. त्या इतक्या हळू बोलतात की सगळे त्यांना हळूबाई म्हणतात. त्यासुद्धा फासा फुंकून टाकत होत्या. सुट्टी संपली तरी कोणी उठेना. मला त्यांना कामाला हाकलावं लागलं, आणि मनातून मी नाचत होते.

थोडं लिही. एक ओळ. नाहीतर आईकडे निरोप दे, मी तो निम्मा करून घेईन.

भिंगरी

११ मार्च

ताई,

आज थोडी गंभीर आहे, म्हणजे तू बसून वाच.

खेळ जोरात चालला आहे. रोज दोन डाव. पण परवा मला एक हिशेब लागेना. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात 'सेट ओला' अशा नऊ चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या होत्या. तीन आठवड्यांत कोणाचाच सेट ओला निघत नव्हता. म्हणजे निघायचा, क्वचित, एखाददुसरा. काल सगळे गेल्यावर मी टेबलावरचं रबरी आच्छादन उचललं. खाली सात चिठ्ठ्या. नीट चपट्या करून ठेवलेल्या.

आधी मला संताप आला. मग हसू फुटलं, की फाशाच्या खेळात ही मोठमोठी माणसं लबाडी करतात. मग आज मी खेळाकडे न बघता हातांकडे बघत बसले. घडीवालीला ओल्याची चिठ्ठी आली. तिने ती आच्छादनाखाली सरकवली. शेजारी बसलेल्या काकांनी पाहिलं आणि छताकडे नजर लावली. नुसतं तेवढंच नाही. त्यांनी गठ्ठ्यातली एक सोपी चिठ्ठी तिच्या पुढ्यात ढकलली. ताई, समोरचा जिंकला तर आपण हरतो अशा खेळात हे चाललं होतं. जिंकण्यासाठी कोणी लबाडी करत नव्हतं. एकमेकांची अब्रू सांभाळत होते.

आणि मी पंच. मी पाहिलं आणि मीही काही बोलले नाही.

घरी येऊन मी लगेच हे लिहायला बसले. कारण आमच्याकडे हेच चालतं. मशीनमधून सेट ओला निघाला की परतीच्या रजिस्टरमध्ये तो कोणी बांधला त्याचं नाव लिहायचं आणि सेट परत पाठवायचा, असा नियम. पण सेट कोणाचा, तर शेजारणीचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग तो मशीनच्या डोक्यावर दहा मिनिटं ठेवायचा. तिथे पत्रा तापलेला असतो. याला आम्ही ऊब देणं म्हणतो. वरून कागद छान कोरडा होतो. आत काय होतं ते आत राहतं. रजिस्टरमध्ये महिन्याला दोन नावं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

हे तुला माहीत नसेल. वर थिएटरमध्ये कोणालाच माहीत नसतं.

आज इतकंच.

भिंगरी

२ एप्रिल

ताई,

मागचं पत्र अर्धवट होतं. तुला ते कळलं असणार. हे पूर्ण लिहिते.

मी नियम बदलले. आता कोणी एकटा जिंकत नाही. सगळं टेबल मिळून जिंकतं नाहीतर हरतं. थिएटरच्या घरात एक पांढरं टोपण ठेवलं, तो पेशंट. ओला सेट थिएटरमध्ये पोचला तर डाव तिथेच संपला, सगळे हरले. आणि ज्याला कुणाला ओला सेट दिसेल त्याने 'थांबा' म्हणायचं. माणसाचं नाव घ्यायचं नाही, फक्त सेटचा क्रमांक. म्हटलं की तो सेट बारा घरं मागे, पण बाकी सगळं टेबल चार घरं पुढे, कारण चूक वेळेवर कळल्यामुळे राखीव सेट वर धाडता आला.

नियम समजावून झाल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना एकमेकांच्या घरी चोरी करायला सांगितलं होतं. घडीवाली म्हणाली, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. हळूबाई फासा हातात घेऊन बसल्या. मग काका बोलले. आवाज चढवला नाही.

"खेळात थांबा म्हणायला काय लागतं, पोरी? खऱ्यात तू म्हणालीस का कधी?"

त्यांना माहीत आहे, ताई. त्या दिवशी मशीनवर तेच होते.

तो सेट मी बांधला होता. मशीनमधून निघाला तेव्हा खालचा कोपरा दमट होता. मी बोट लावून पाहिलं होतं. वरून फोनवर फोन येत होते, मोठे डॉक्टर तयार आहेत, सेट कुठे आहे. परत घातला असता तर पाऊण तास, आणि रजिस्टरमध्ये त्या महिन्यातलं दुसऱ्यांदा माझं नाव. मी तो मशीनच्या डोक्यावर ठेवला. काकांनी पाहिलं आणि छताकडे नजर लावली. दहा मिनिटांनी मी तो लिफ्टमध्ये चढवला. ट्रॉली ओली नव्हती. ट्रॉलीचा काही संबंधच नव्हता. चौकशीत मला विचारलं, सेट खालून कोरडा गेला का, आणि मी म्हणाले, हो. तू समोरच्या खुर्चीत बसली होतीस. मी मूग गिळून बसले नाही, ताई, मूग गिळणाऱ्याला निदान खोटं बोलावं लागत नाही. मी तोंड उघडून खोटं बोलले.

हे दोन वर्षं मी आईला, तुला, कागदाला, कोणालाच सांगितलं नव्हतं. ते मी त्या टेबलाशी सहा जणांपुढे सांगितलं. सेटचा क्रमांकही सांगितला, सतरा, मला तो झोपेतही आठवतो. आणि हेही सांगितलं की त्या दिवशी या अख्ख्या इमारतीत 'थांबा' म्हणणारी एकच बाई होती, भूल दिलेल्या पेशंटसमोर, मोठ्या डॉक्टरांच्या तोंडावर. शिक्षा तिलाच झाली, ती माझ्यामुळे, आणि ती माझी बहीण आहे.

मग काका म्हणाले, "मीही बघितलं होतं. लिहून घ्या माझंही." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळे नाही, चष्मा.

त्याच दुपारी मी रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या टेबलावर लेखी कबुली ठेवून आले. काकांचं निवेदन सोबत जोडलं. नोकरी राहील की नाही माहीत नाही. खाली आले तर या मंडळींनी डाव मांडलेला. घडीवाली म्हणाली, बस, तुझ्यावाचून अडलंय. तिसऱ्याच फेरीला तिला ओल्याची चिठ्ठी आली आणि ती स्वतःच म्हणाली, थांबा, सेट दोन. बाकी सगळ्यांनी चार चार घरं पुढे टाकली. आता या नियमाला आमच्याकडे 'थिएटरवाल्या ताईंचा नियम' म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही.

तू हे पत्र फाडलंस तरी चालेल. वाचून फाड.

भिंगरी

२९ एप्रिल

ताई,

नोकरी आहे. लेखी ताकीद मिळाली, वरिष्ठांची बोलणी मिळाली, आणि चौकशी पुन्हा उघडली आहे. मी त्यांना म्हटलं, ताकीद मला द्या, पण तिच्या नोकरीच्या कागदावरची ठपक्याची ओळ पुसा. म्हणाले, त्याला वेळ लागतो. तुझ्या माथी ती ओळ मारायला त्यांना दोन तास लागले होते, हे मी त्यांना म्हणाले नाही. म्हणजे म्हणाले, पण जिन्यात.

आता गंमत ऐक. अधीक्षकांनी मला पुन्हा बोलावलं, या वेळी रजिस्टर घेऊन. मार्चमध्ये परत केलेले सेट दोन. एप्रिलमध्ये एकेचाळीस. शेजारी इन्चार्ज बाई, ओठ घट्ट मिटून. अधीक्षक म्हणाले, तुमच्या खेळामुळे चुका वीसपट वाढल्या, हे कसलं प्रशिक्षण.

मी पूर्वीची असते तर खाली मान घालून आले असते. मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि म्हटलं, साहेब, मार्चमध्येही एकेचाळीसच होते. एकोणचाळीस वर गेले. विचारा थिएटरला, मार्चमध्ये त्यांच्या तक्रारी किती आणि या महिन्यात किती. त्यांनी खरंच फोन लावला. मार्चमध्ये अकरा. एप्रिलमध्ये शून्य.

फोन ठेवून त्यांनी त्या एकेचाळीस नोंदींवरून पुन्हा बोट फिरवलं. इन्चार्ज बाईंनी पहिल्यांदा ओठ उघडले आणि म्हणाल्या की रजिस्टरमधला बांधणाऱ्याच्या नावाचा रकाना काढून टाकावा, सेटचा क्रमांक पुरे. आमच्या खेळातलाच नियम, आणि बाई मात्र अशा सांगत होत्या की जसा काही त्यांनाच पहाटे सुचला. मी नुसती मान डोलावली. कानामागून येऊन तिखट होऊ नये.

जिना उतरताना मी दोन दोन पायऱ्या घेतल्या, या वयात.

आई म्हणाली, तू माझं एप्रिलचं पत्र उशाशी ठेवतेस. हे त्या निम्म्यातलं की दुसऱ्या निम्म्यातलं, देव जाणे.

भिंगरी

६ जून

ताई,

आज सगळं एका दमात सांगते.

गेल्या मंगळवारी सकाळी वर एकापाठोपाठ चार ऑपरेशनं होती. मशीनमधून आठ सेट निघाले. काका रजेवर, मशीनवर त्यांच्या जागी बदली माणूस, माझं लक्ष चार ठिकाणी. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा फोन, स्वतःचा. तुला तो आवाज माहीत आहे. त्यांना सेट पाहिजे, आत्ता पाहिजे, पेशंट टेबलावर आहे. मी हाताने खूण केली, चार नंबर लिफ्टमध्ये घाला. हळूबाईंनी तो उचलला. दोन्ही हातांवर तोलला. कागद वरून कोरडा खडखडीत होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "सेट चार."

कोणाला, तर मला. ज्या बाईचा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही तिचा आवाज फोनमधून वर थिएटरपर्यंत गेला. आणि ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, माझ्या तोंडात 'जाऊ दे' हेच शब्द आले होते. चार महिने हा खेळ शिकवणाऱ्या माझ्या. मी ते गिळले आणि फोनमध्ये म्हटलं, डॉक्टर, सेट चार थांबवला आहे, राखीव सेट निघाला. तिकडून काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. मी फोन ठेवला. त्यांच्यावर मी फोन ठेवला, याची नोंद घे.

घडीवालीचे पाय तोवर कपाटाकडे धावले होते. राखीव सेट लिफ्टमध्ये, सही झाली, दार लागलं. मग आम्ही सेट चार उघडला. ट्रेच्या तळाशी पाणी, डोळ्यांना दिसेल इतकं. बाकीचे सात उघडले तर त्यातले पाच तसेच. मशीनमधली ओल ओढून घेणारा पंप बिघडला होता आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. पूर्वीचे दिवस असते तर सहा ओले सेट तसेच वर गेले असते आणि चार पेशंटांच्या पोटात उतरले असते. ऑपरेशन चौदा मिनिटं उशिरा सुरू झालं. पेशंट रविवारी आपल्या पायांनी घरी गेला.

मी हळूबाईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं. म्हणाल्या, "जड लागला." पुन्हा त्याच हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डावाला बसलेलो आणि दारात मोठे डॉक्टर. ते तळमजल्यावर आल्याचं काकांनाही आठवत नाही. सगळे उभे राहिले. त्यांनी विचारलं, काल थांबवलं कोणी. हळूबाई काकांच्या मागे लपल्या. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे मान लववली, अगदी थोडी, पण लववली. मग पटाकडे पाहून म्हणाले, तो खेळ म्हणतात तो हाच का. घडीवालीला कधी काय सुचेल नेम नाही. तिने स्टूल पुढे केलं आणि म्हणाली, बसा की, एक माणूस कमीच आहे.

ते बसले. लाल टोपण घेतलं. चार फाशांत मशीनपाशी पोचले, चांगलेच रंगात आले, आणि काळं घर लागलं. चिठ्ठी उचलली, वाचली आणि सहज, अगदी सहज, कोटाच्या खिशात घातली.

पाच जण एकदम म्हणाले, थांबा.

ताई, असा चेहरा मी जन्मात पाहिला नाही. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल. काका हसू दाबायला खोकायला लागले. डॉक्टरांनी चिठ्ठी काढून पटावर ठेवली. सेट ओला, बारा घरं मागे. आपलं टोपण स्वतःच्या हाताने बारा घरं मोजत मागे नेलं. मग मान न उचलता म्हणाले, "त्या नर्सबाईंनीही मला असंच थांबवलं होतं. आणि मी त्यांच्यावर ओरडलो." ते पुढे म्हणाले, सेट उघडल्यावर ओला आहे हे त्यांनाही दिसलं होतं, तरी ते म्हणाले होते, चालेल, द्या. चौकशीत ही गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. तू ट्रे त्यांच्या हातात दिला नाहीस. आणि तूही चौकशीत हे सांगितलं नाहीस, ताई. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी त्याच संध्याकाळी अधीक्षकांना लिहून दिलं. काल निकाल लागला. तुझ्या कागदावरची ओळ काढली आहे आणि तिथे लिहिलंय की तुझ्यामुळे पेशंटचा जीव धोक्यातून वाचला. रुग्णालयाचं पत्र तुला वेगळं येईल, नोकरीवर परत बोलावण्याचं. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. खेळ आता सगळ्या विभागांत नेणार आहेत, औषधाच्या दुकानापासून स्वयंपाकघरापर्यंत, आणि पट मीच काढायचे आहेत. मी सध्या जमिनीवरून चालत नाही.

पण हे सगळं एका पारड्यात टाकलं तरी दुसरं खालीच जातं. इतक्या पत्रांत मी तुला सगळं लिहिलं, एक वाक्य लिहिलं नाही. मला माफ कर. मी तुझ्यासमोर बसून खोटं बोलले आणि तुला जाऊ दिलं. मला माफ कर, ताई.

तुझीच,
भिंगरी

१५ जून

भिंगरे,

पत्रं सगळी पोचली. सगळी वाचली. तुझ्या भाऊजींना वाचून दाखवायची गरज पडली नाही, ते माझ्याआधी वाचत होते. एप्रिलचं पत्र उशाशी ठेवते हे आईने खरं सांगितलं.

आता माझं ऐक, मधे बोलू नकोस.

त्या दिवशी सेट सतरा मी लिफ्टमधून उचलला तेव्हा तो गरम लागला. कपाटातून निघालेला सेट गार असतो, थेट मशीनमधला सगळीकडून सारखा तापलेला; हा नुसता तळाशी तापला होता. वर थिएटरमध्ये ऊब कोणाला माहीत नसते असं तू लिहिलंस. बारा वर्षं तुमचे सेट हातात घेतले मी, मला माहीत नसेल? मी तेव्हाच थांबा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं, कारण सेटवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर सही तुझी होती. मी तो टेबलावर नेला, वेष्टन सोडलं, आणि पाणी दिसलं तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. तोवर पेशंटला भूल दिलेली. ती पन्नास मिनिटं तुझी आणि माझी, दोघींची आहेत. चौकशीत मी गरम सेटबद्दल बोलले नाही. डॉक्टरांबद्दलही नाही, कारण तो धागा ओढला असता तर सगळी वीण तुझ्यापर्यंत आली असती. तू काकांबद्दल लिहिलंस ना, छताकडे नजर लावली म्हणून. मी तेच केलं.

तू सेट ओला पाठवलास याचा मला राग नव्हता. चुका मीही केल्या आहेत. तू खोटं बोललीस तेव्हा वाटलं, घाबरली आहे, चार दिवसांत येईल आणि सांगेल. चार दिवस गेले, महिना गेला. मग तुझी पत्रं येऊ लागली, त्यात सगळ्या गावाच्या गोष्टी, ती एक सोडून. म्हणून मी कामात होते.

रुग्णालयाचं पत्र आलं. मी तिकडे परत येणार नाही. इथे एका लहान रुग्णालयाच्या थिएटरची जबाबदारी माझ्याकडे आहे. माणसं गुणी आहेत, प्रेमळ आहेत, आणि एकमेकांची प्रत्येक चूक पांघरूण घालून झोपवतात. मी ओरडून थकले. पट, टोपणं आणि चिठ्ठ्या घेऊन ये. आठवड्याची रजा काढून ये, एका दिवसात माझी माणसं बधायची नाहीत. मागच्या खोलीत तुझा बिछाना घातला आहे.

आणि माझ्या नावाचा तो नियम बदल. त्याला हळूबाईंचं नाव दे. त्यांनी सेट लिफ्टपाशीच थांबवला.

ताई